करड्या माशाचा सोनेरी वंश

गोल्डफिश हा मूळचा चीनचा मासा. रोहू, कटला आणि मृगळ ज्या कार्प कुळातले, त्याच कुळातला. त्याचा रानटी पूर्वज, म्हणजे क्रुशियन कार्प, आजही चीनच्या नद्या-तळ्यांत सापडतो. अंग दोन्ही बाजूंनी चपटे, रंग करडा-हिरवट, पाठीवर एक लांब पर आणि शेपटीचा पर एकच, उभा. या साध्या माशातून लाल, पांढरे, काळे, निळसर आणि चितकबरे मासे निघाले. दुहेरी शेपटीचे, डोळे बाहेर आलेले, पाठीचा पर नसलेले आणि डोक्यावर मांसल टोप असलेले मासेही त्यातूनच निघाले. रूप कितीही वेगळे असले तरी जात एकच आहे. या सर्व वाणांचा आपापसांत आणि रानटी माशाशीही संकर होतो व होणारी पिल्ले पुढे वीण देतात. एका जातीला इतकी रूपे मिळायला सुमारे हजार वर्षे लागली आणि त्यामागचे कारण उलगडायला शंभर वर्षे.

पुण्याचे तळे

चिनी ग्रंथांत तांबड्या खवल्यांच्या माशांचे उल्लेख इसवी सनाच्या चौथ्या शतकापासून येतात, पण ते नवल म्हणून. असे मासे जाणूनबुजून सांभाळायला सुरुवात झाली ती सुंग राजवटीत (९६०–१२७९). यांगत्सेच्या खालच्या खोऱ्यात, हांगचौ आणि जिआशिंगच्या परिसरात, बौद्ध मठांजवळ जीवदानाची तळी असत. पकडलेला प्राणी तिथे सोडून देणे पुण्याचे मानले जाई. नदीत एखादे तांबूस-सोनेरी पिल्लू जन्मले, तर बगळ्याच्या नजरेत ते आधी भरे आणि वाढायच्या आतच संपे. मठाच्या तळ्यात मात्र त्याला कोणी मारत नसे. वेगळ्या रंगाचा मासा दिसला की भाविक तोच आवर्जून आणून सोडत. निसर्ग ज्या रंगाची छाटणी करत होता, त्याला तळ्यात आसरा मिळाला.

दक्षिण सुंग काळात राजधानी हांगचौला आली आणि मठाच्या तळ्यातला मासा राजवाड्यात गेला. सम्राट गाओझोंग ११६२ मध्ये गादीवरून उतरला आणि त्याने आपल्या निवृत्तीच्या वाड्यात सोनेरी माशांसाठी तळे राखले. सरदारांनी त्याचा कित्ता गिरवला. वू शी नावाचा सेनानी शू प्रांतात, म्हणजे आजच्या सिचुआनकडे परतला, तेव्हा त्याने मासे जगावेत म्हणून हांगचौच्या सरोवराचे पाणी तीन मोठ्या नावांत भरून सोबत नेले. ही हकीकत तेराव्या शतकाच्या आरंभी युए क या लेखकाने लिहून ठेवली आहे.

त्याच लेखनात माशाला सोनेरी करण्याचा उपायही येतो. राजधानीतले मासे पाळणारे ती विद्या कोणाला सांगत नसत. पण लोक म्हणत, की गावातल्या पाण्याच्या पाटांतले बारीक तांबडे किडे शंभर दिवस खाऊ घातले की मासा आधी रुपेरी, मग पिवळट आणि शेवटी सोनेरी होतो. कारण चुकीचे असले तरी निरीक्षणात तथ्य होते. गोल्डफिशचे पिल्लू अंड्यातून निघते ते सोनेरी नसते. पहिले काही आठवडे ते रानटी माशासारखेच करडे असते. माशाच्या त्वचेत तीन प्रकारच्या रंगपेशी असतात: काळे रंगद्रव्य धरणाऱ्या, पिवळे-नारिंगी रंगद्रव्य धरणाऱ्या आणि ग्वानिनच्या स्फटिकांनी प्रकाश परतवणाऱ्या. खवल्यांना चमक येते ती या तिसऱ्या पेशींमुळे. सोनेरी वंशाच्या पिल्लात वाढीच्या एका टप्प्यावर काळ्या पेशी मरू लागतात. बहुधा पोटाकडून पाठीकडे अंग उजळत जाते, काळे ओसरते आणि खालचे नारिंगी उघडे पडते. हा बदल जन्मजात असतो. किड्यांच्या खाद्याने नारिंगी रंग फार तर गडद होतो. करड्या वंशाचा मासा त्याने सोनेरी होत नाही.

तळ्यातून घंगाळात

पुढचा मोठा पालट मिंग राजवटीत (१३६८–१६४४) झाला आणि त्याचे कारण होते भांडे. हांगचौचा लेखक लांग यिंग याने नोंदवले आहे, की १५४८ पासून शहरात गडद लाल रंगामुळे ‘अग्निमासा’ म्हटला जाणारा एक प्रकार आला आणि घरोघरी तो पाळण्याची चढाओढ लागली. मासे आता तळ्याऐवजी मातीच्या व चिनी मातीच्या घंगाळांत राहू लागले. ली शिझेन याच्या प्रसिद्ध औषधिकोशातही म्हटले आहे, की सुंग काळापासून हे मासे पाळले जाऊ लागले आणि आता ते सगळीकडे घरोघरी हौसेने ठेवले जातात.

तळे आणि घंगाळ यांतल्या फरकाने माशाचे भवितव्य बदलले. तळ्यात शेकडो मासे एकत्र राहतात, मिळेल त्याच्याशी जुळतात आणि एखाद्या पिल्लातला बारीक वेगळेपणा गर्दीत हरवतो. घंगाळात मासे मोजके असतात. पाळणारा रोज वाकून पाहतो. त्याला एकेक मासा ओळखू येतो आणि कोणती जोडी लावायची हे तोच ठरवतो. शिवाय घंगाळात जोराने पोहावे लागत नाही, शत्रूपासून पळावे लागत नाही आणि खाद्य शोधावे लागत नाही. लांबलचक शेपटी, आखूड अंग किंवा अधू नजर नदीत जिवावर बेतली असती. घंगाळात ती खपून गेली. मासा वरून पाहिला जाई, हेही महत्त्वाचे. उभी एकेरी शेपटी वरून एखाद्या रेघेसारखी दिसते, तर दुहेरी शेपटी पंख्यासारखी पसरते. त्यामुळे पाहणाऱ्याची नजर तिच्यावरच ठरली.

झांग छ्येनदे याने १५९६ मध्ये लाल माशांवर लिहिलेले छोटेखानी पुस्तक हा गोल्डफिशवरचा पहिला स्वतंत्र ग्रंथ मानतात. त्यातली निवडीची रीत अगदी उघड आहे. उन्हाळ्यात बाजारातून हजारोंच्या संख्येने पिल्ले आणावीत आणि ती अनेक घंगाळांत वाटून ठेवावीत. रोज त्यांतली डावी काढून टाकावीत. शेवटी शंभरात एक-दोनच उरतात. ती दोन-तीन घंगाळांत जिवापाड जपावीत. कृत्रिम निवड हा शब्द तेव्हा कोणाला ठाऊक नव्हता, पण तिची पद्धत या ओळींत पूर्ण आहे. सोळावे शतक संपेपर्यंत दुहेरी शेपटीचे मासे सर्रास दिसू लागले. त्यानंतर बाहेर आलेल्या डोळ्यांचे आणि पाठीचा पर नसलेले मासे रुळले. निळसर व तपकिरी रंग, मोत्यासारखे फुगीर खवले, डोळ्यांखाली पाण्याच्या पिशव्या अशी बरीचशी टोकाची रूपे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे आली.

जपान, युरोप आणि डार्विन

चीनमधून गोल्डफिश जपानला गेला. सुरुवातीला तो श्रीमंतांचा छंद होता. अठराव्या शतकापर्यंत तो शहरी मध्यमवर्गात पसरला आणि १७४८ मध्ये गोल्डफिशच्या जोपासनेवर जपानी पुस्तकही छापले गेले. यामातो-कोरियामा हे गाव तर या माशांच्या पैदाशीसाठी आजही ओळखले जाते. सतराव्या शतकात मासा युरोपात पोहोचला आणि १७५८ मध्ये लिनियसने त्याला शास्त्रीय नाव दिले. १७८० मध्ये पॅरिसला सोव्हिन्यी याच्या ग्रंथात चिनी वाणांची रंगीत चित्रे आली आणि युरोपच्या निसर्गशास्त्रज्ञांना या विविधतेचा आवाका कळला.

चार्ल्स डार्विनने १८६८ मध्ये पाळीव प्राणी व वनस्पतींतील विविधतेवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात कबुतरे, कोंबड्या आणि सशांबरोबर गोल्डफिशही आहे. सुंग काळात तांबड्या खवल्यांचे मासे पाळू लागले, या जुन्या चिनी ग्रंथातल्या नोंदीचाही त्याने आधार घेतला. माणूस आवडीचा वेगळेपणा निवडत गेला की पिढ्यांमागून पिढ्या रूप पालटते, या त्याच्या प्रतिपादनाला हा मासा नेमका पुरावा होता. मात्र निवडायला मुळात वेगळेपण येते कोठून आणि ते पुढच्या पिढीत कोणत्या हिशेबाने उतरते, याचे उत्तर डार्विनकडे नव्हते. ग्रेगोर मेंडेलचा वाटाण्यावरचा निबंध दोनच वर्षे आधी, १८६६ मध्ये छापून झाला होता. पण १९०० पर्यंत त्याच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

चेन झेन यांची घंगाळे

चीनच्या माशाचा हिशेब चिनी शास्त्रज्ञानेच मांडला. चेन झेन (१८९४–१९५७) अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकले. फळमाशीवरच्या प्रयोगांतून आनुवंशशास्त्राचा पाया घालणारे टी. एच. मॉर्गन तिथे होते. मायदेशी परतल्यावर चेन नानजिंगला शिकवू लागले. नवे शास्त्र रुजवायला महागडी सामग्री हाताशी नव्हती, पण गोल्डफिश गल्लोगल्ली होते आणि त्यांचे वाण शतकानुशतके निवडून तयार झालेले होते. १९२५ मध्ये त्यांनी गोल्डफिशच्या बाह्य लक्षणांतील विविधतेवर निबंध प्रसिद्ध केला आणि १९२८ मध्ये अमेरिकेतल्या ‘जेनेटिक्स’ या नियतकालिकात पारदर्शक व चितकबऱ्या माशांवरचा निबंध आला. गोल्डफिशमधील मेंडेलीय आनुवंशिकतेचे हे पहिले नावाजलेले उदाहरण.

पारदर्शक मासा पाहिला की लगेच ओळखू येतो. त्याच्या अंगात चमक देणाऱ्या पेशी जवळजवळ नसतात. त्यामुळे खवले काचेसारखे दिसतात, कल्ल्यांचे लाल रक्त झाकणातून गुलाबी गालासारखे उमटते आणि डोळ्याभोवतीचे चकचकीत कडे नसल्याने डोळा काळ्या बटणासारखा दिसतो. चितकबरा मासा मधला. त्याचे काही खवले चमकतात आणि बरेचसे काचेसारखे असतात. त्वचेत खोल असलेले काळे रंगद्रव्य वरून निळसर भासते आणि त्यावर लाल-काळे शिंतोडे उठतात.

चितकबऱ्यांची जोडी लावली तर सगळी पिल्ले कधीच चितकबरी निघत नाहीत, हा पाळणाऱ्यांचा अनुभव होता. चेन यांनी पिल्ले मोजली आणि कोडे सुटले. चितकबऱ्या जोडीच्या संततीत चमकदार, चितकबरी आणि पारदर्शक पिल्ले सुमारे १:२:१ या प्रमाणात येतात. म्हणजे गुण एकाच जनुकाचा आहे. आई-बाप दोघांकडून बदललेली प्रत मिळाली तर मासा पारदर्शक होतो, एकाकडूनच मिळाली तर चितकबरा होतो आणि एकही न मिळाल्यास चमकदार राहतो. चितकबरा मासा शुद्ध वाण होऊच शकत नाही, कारण तो दोन वेगळ्या प्रतींच्या जोडीतूनच घडतो. यातून व्यवहाराला उपयोगी नियमही निघतो. पूर्ण पारदर्शक आणि पूर्ण चमकदार मासे जुळवले तर सगळीच्या सगळी पिल्ले चितकबरी होतात.

१९३४ मध्ये चेन यांनी निळ्या आणि तपकिरी रंगांचा हिशेब मांडला. निळा रंग सरळ निघाला. तो एका अप्रभावी जनुकाचा, म्हणजे दोन्ही प्रती तशा असल्या तरच दिसणारा. तपकिरी रंगाने मात्र चकित केले. तो उमटायला चार वेगवेगळ्या जनुकांच्या जोड्या एकाच वेळी अप्रभावी असाव्या लागतात. संकराच्या दुसऱ्या पिढीत असे पिल्लू २५६ मध्ये एक निघते. त्याच वर्षी जपानमध्ये योशिइची मात्सुई यांनी जपानी वाणांवरचा आपला मोठा अभ्यास प्रसिद्ध केला आणि बाहेर आलेले डोळे हा अप्रभावी गुण असल्याचे दाखवले. अल्बिनो गोल्डफिशवर जपानमध्ये १९७० च्या दशकात काम झाले. तिथेही दोन जनुके मिळूनच बिघडावी लागतात, असे आढळले. इतर प्राण्यांत एका जनुकावर भागणाऱ्या गुणाला या माशात दोन-दोन, चार-चार जनुके का लागतात, हा प्रश्न त्यामुळे ठळक झाला.

दरम्यान खुद्द चीनमध्ये आनुवंशशास्त्रावर संकट आले. १९५० नंतर काही वर्षे सोव्हिएत रशियाच्या प्रभावामुळे मेंडेलचे नियम नाकारणाऱ्या लिसेन्कोचे मत अधिकृत ठरले आणि मेंडेल-मॉर्गन परंपरा शिकवणे कठीण झाले. १९५६ मध्ये छिंगदाओ येथे आनुवंशशास्त्रावर परिषद भरली आणि बंधने सैल झाली. त्याच वर्षी चेन झेन यांनी गोल्डफिशच्या पाळीवपणाचा इतिहास आणि वाण घडण्याची कारणे एकत्र मांडणारा निबंध इंग्रजीत प्रसिद्ध केला. पुढच्या वर्षी त्यांचे निधन झाले. जुने चिनी ग्रंथ आणि प्रयोगशाळेतली आकडेमोड एकाच हाताखाली आणणारा तो निबंध पुढच्या संशोधनाचा आधार ठरला.

दुप्पट वारसा

चार जनुकांच्या कोड्याचे उत्तर माशाच्या फार जुन्या इतिहासात आहे. झेब्राफिश या लांबच्या नातेवाइकाला गुणसूत्रांच्या २५ जोड्या असतात, गोल्डफिशला ५०. पूर्वी कधीतरी दोन वेगळ्या जातींच्या माशांचा संकर झाला आणि दोघांचाही सगळा जनुकसंच संततीत टिकून राहिला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय आराखड्यानुसार हे दुपटीकरण सुमारे १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचे आहे आणि गोल्डफिशमध्ये प्रथिने घडवणारी सुमारे ७० हजार जनुके आहेत. माणसात ती २० हजारांच्या आसपास असतात.

प्रत्येक जनुक दोन संचांत असेल, तर एका संचातले बिघडले तरी दुसऱ्यातले काम चालवते. हे दोन परींनी घडते. जिथे दोन्ही जनुके सारखेच काम करतात, तिथे गुण उमटायला दोन्ही बिघडावी लागतात; अल्बिनोचे उदाहरण याच प्रकारचे. पण जिथे जुळ्या जनुकांनी काम वाटून घेतले आहे, तिथे एकाच्या बिघाडाने रूप पालटते आणि दुसऱ्यामुळे जीव वाचतो. गोल्डफिशची सर्वांत प्रसिद्ध खूण, दुहेरी शेपटी, दुसऱ्या प्रकारातली आहे.

तैवानच्या अकॅडेमिया सिनिकामधील ओता आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ मध्ये हे उघड केले. भ्रूण घडताना पोटाकडची बाजू कोणती आणि पाठीकडची कोणती, हे काही प्रथिनांच्या प्रमाणावर ठरते. पोटाकडची घडण वाढवणाऱ्या प्रथिनाला कॉर्डिन हे दुसरे प्रथिन आवर घालते. झेब्राफिशमध्ये कॉर्डिनचे जनुक एकच आहे. ते बिघडले तर भ्रूण वेडावाकडा होतो आणि बहुतेक पिल्ले मरतात. गोल्डफिशमध्ये अशी दोन जनुके आहेत. दुहेरी शेपटीच्या वाणांत पहिल्या जनुकातल्या एकाच अक्षराच्या बदलाने प्रथिनाची साखळी १२७ व्या जागी तुटते आणि त्यापुढचे प्रथिन बनतच नाही. आवर सैल पडतो, पोटाकडची बाजू रुंदावते आणि जिथे पराची एकच घडी उठायची तिथे दोन उठतात. त्यांतून शेपटीचे दोन पर तयार होतात आणि बऱ्याच माशांत शेपटीखालचा परही जोडीने येतो. दुसरे जनुक शाबूत असल्याने पिल्लू जगते. पाठीच्या कण्याच्या टोकालाच दुहेरी हाडे येणे हा पृष्ठवंशी प्राण्यांच्या शरीररचनेत अत्यंत दुर्मीळ पालट आहे आणि तो मिंग काळातल्या घंगाळांत जपला गेला.

यानंतरचे शोध भराभर आले. २०२० मध्ये जपानी संशोधकांच्या गटाने २७ वाणांच्या जनुकसंचांची तुलना केली. बाहेर आलेल्या डोळ्यांचा संबंध एलआरपी२ए या जनुकाशी निघाला. हेच जनुक झेब्राफिशमध्ये बिघडले की त्याचेही डोळे मोठे होतात. लांब शेपटीमागे पेशीतून पोटॅशियमची ये-जा सांभाळणाऱ्या मार्गिकेचे एक जनुक आढळले. त्याच वर्षी चीनच्या गटाने १८५ गोल्डफिश आणि १६ रानटी क्रुशियन कार्प तपासले. चेन झेन यांच्या पारदर्शक माशामागे पेशीच्या पृष्ठभागावरच्या एका ग्राहक प्रथिनाचे जनुक असावे, असे त्यांनी दाखवले. १९२८ मध्ये पिल्ले मोजून मांडलेल्या त्या जनुकाचा संभाव्य ठावठिकाणा ९२ वर्षांनी लागला. पाठीचा पर नाहीसा होण्यासारखे काही गुण मात्र एका जनुकात मावणारे नाहीत. ते अनेक जनुकांच्या मेळातून घडतात.

जपणुकीचे मोल

या रूपांची किंमत माशाला मोजावी लागते. बाहेर आलेल्या डोळ्यांनी नीट दिसत नाही आणि त्यांना इजाही लवकर होते. आखूड गोल अंगात हवेची पिशवी दाबली जाऊन मासा कलंडतो. दुहेरी शेपटीने वेग जातो आणि पाठीचा पर नसल्यास तोल सांभाळणे अवघड होते. असे वाण माणसाच्या रोजच्या काळजीवरच जगतात. ती काळजी घेणे, त्यांना पुरेसे व स्वच्छ पाणी देणे आणि जलद पोहणाऱ्या माशांपासून वेगळे ठेवणे हे पाळणाऱ्याचे कर्तव्य आहे.

निवडही कधी संपत नाही. उत्तम जोडीच्या शेकडो पिल्लांतही शेपटी वाकडी, एकेरी किंवा अर्धवट फुटलेली पिल्ले निघतात आणि पैदास करणाऱ्याला बोटुकलीच्या आकारापर्यंत ती पुन्हा पुन्हा वेगळी काढावी लागतात. झांग छ्येनदे याने लिहिलेली रीत चारशे वर्षांनंतरही तशीच चालू आहे. आणि प्रत्येक विणीतले प्रत्येक सोनेरी पिल्लू आजही आपले पहिले काही आठवडे नदीतल्या पूर्वजाच्याच करड्या रंगात काढते.